दोन सरकारांचे जावई

“दोन-दोन राशन कार्डं, दोन-दोन मतदान कार्डं, एका गावाले दोन-दोन सरपंच! आपल्याले तं बाप्पा नाली साफ करायले एक नगरसेवक सापडत नाही.”

काकूंनी ही बातमी मेंदीच्या कुंपणावरून दिली. कुंपण कमरेएवढं, म्हणजे बोलायला अगदी सोयीचं. काकूंचे जावई जिवतीकडे, पहाडावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत. लेक-जावई दिवाळीला येऊन गेले, तेव्हापासून काकूंच्या तोंडी दुसरा विषय नाही.

“कोणाची गोष्ट सांगून राहिल्या काकू?”

“अवं, त्या चौदा गावाइची. परमडोली, मुकदमगुडा, लेंडीजाळा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार… सगळी नावं माह्या ध्यानात नाही. इकडून पाहिलं तं जिवती तालुका, चंद्रपूर जिल्हा. तिकडून पाहिलं तं केरामेरी मंडल, आसिफाबाद जिल्हा, तेलंगणा. दोघंही म्हणते, आमची गावं. मंग काय, इकडची शाळा मराठी, तिकडची शाळा तेलुगू. इकडची अंगणवाडी, तिकडची अंगणवाडी. लेकराइची मजाच आहे.”

मजा हा शब्द काकूंनी ज्या सुरात उच्चारला त्यात कौतुक चार आणे आणि जळफळाट बारा आणे होता. तो जळफळाट मलाही कळला. मागच्या वर्षी राशन कार्डावर सुनेचं नाव चढवायला काकूंनी किती खेटे घातले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

“राशन दोन्हीकडून भेटते?”

“भेटते म्हणजे? इकडचं पाच किलो माणशी, तिकडचं सहा किलो. तिकडं पहिले रुपया किलोनं तांदूळ होता, आता तं फुकट. आन २०२५ च्या उगादीपासून बारीक तांदूळ देऊन राहिले म्हणे, जाडा नाही. आपल्या दुकानातला तांदूळ तं तू पाहतेच.”

“पण ते लोक तं मराठवाड्याचे ना? भाकरी खाणारे.”

“तेच तं! जावई सांगत होते, निम्मं गाव नांदेड-परभणीकडून आलेलं. बहात्तरच्या दुष्काळात आले कोणी, कोणी त्याच्याही पहिले. त्याइले ज्वारी पाहिजे. आन दोन सरकारं मिळून त्याइले तांदळावर तांदूळ घालून राहिले.” काकू हसल्या. “देव देते तं असं.”

पहाडावरची ही वस्ती मिसळीची आहे हे खरं. गोंड आणि कोलाम आधीपासूनचे. मग बंजाऱ्यांचे तांडे आले, मराठवाड्यातून पोट घेऊन आलेली दलित कुटुंबं आली. जंगल तोडून, दगड वेचून त्यांनी जमीन केली. तेव्हा माणिकगडच्या त्या डोंगरात कोणत्याही सरकारला फारसा रस नव्हता. हद्द कुठून जाते हे विचारायला कोणी आलं नाही, आणि आलं असतं तरी ती दाखवायला कोणी नव्हतं.

एवढ्यात आमचे हे ब्रश तोंडात धरून मागच्या अंगणात आले. राजकारण म्हटलं की यांना तोंड धुणं सुचत नाही. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. तेलंगणाची विधानसभा ३० नोव्हेंबर २०२३ ला झाली. आपली लोकसभा १९ एप्रिल २०२४ ला. त्यांची, म्हणजे आदिलाबादची, १३ मे २०२४ ला. आणि आपली विधानसभा २० नोव्हेंबर २०२४ ला. “वर्षाच्या आत चार वेळा बटन दाबायले भेटलं त्याइले. राजुऱ्याचा आमदार त्याइचा, आसिफाबादचाही त्याइचा. चंद्रपूरचा खासदार, आदिलाबादचाही खासदार.”

“शाईचं काय करते?” मी विचारलं. “१९ एप्रिलची शाई १३ मे पर्यंत नखावर राहत नाही का?”

“२०१९ ले तं दोन्ही मतदान एकाच दिवशी होतं, ११ एप्रिलले. तेव्हा सकाळी इकडं, दुपारी तिकडं, असं पेपरात आलं होतं.” यांनी चूळ भरली. “कायद्यात बसत नाही ते. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात पाहिजे. अधिकारी दरवेळी तंबी देते. पण नाव काटणार कोण? इकडच्यानं काटलं तं गाव त्याइचं झालं असं होईन. तिकडच्यानं काटलं तं आपलं झालं असं होईन. म्हणून कोणीच काटत नाही.”

हे मात्र मला पटलं. नाव राहू देण्यात उदारपणा काही नव्हता. ज्याचा मतदार, त्याचं गाव. ज्याचं राशन दुकान, त्याचं गाव. वाद जमिनीचा आणि पुरावा माणसांचा, म्हणून माणसांना दोन्हीकडून खाऊ-पिऊ घालणं चाललेलं.

काकूंना या कायद्याच्या कीसात रस नव्हता. त्या पेन्शनवर आल्या. तिकडे म्हाताऱ्यांना आसरा पेन्शन महिन्याला २०१६ रुपये, अपंगांना त्याहून जास्त. इकडे श्रावणबाळ आणि निराधारचे १५००. इकडे लाडक्या बहिणीचे १५००, जुलै २०२४ पासून. तिकडे मुलीच्या लग्नाला कल्याणलक्ष्मीचे १,००,११६ रुपये. “वरचे एकशे सोळा कायले?” काकूंनी मला विचारलं. तिकडे आहेर-देणगीत शेवटी एकशे सोळा ठेवायची रीत आहे, एवढंच मी सांगू शकले. काकूंना ते आवडलं. “सरकारचा आहेर म्हणा ना मंग.”

“सगळ्याले सगळं दोन्हीकडून भेटते असं नसन काकू. आधार तं एकच राहते ना? आधारावर पत्ता एकच.”

“हो, तो घोळ आहे खरा.” काकू थोड्या खाली आल्या. “माही लेक सांगत होती. तिकडं बायकाइले बस फुकट आहे ना, डिसेंबर २३ पासून. पण कंडक्टर आधार पाहते. त्याच्यावर तेलंगणाचा पत्ता पाहिजे. एकाच घरात सासूच्या आधारावर तिकडचा पत्ता आन सुनेच्या आधारावर इकडचा. मंग सासू केरामेरीले फुकट जाते आन सून पैसे देते. आपल्या एसटीत आली तं दोघीही अर्ध्या तिकिटात.”

“मंग सुनेनं आधार बदलावं.”

“बदललं तं लाडकी बहीण जाईन ना! पंधराशे गेले आन बस भेटली, तं परवडते का? केरामेरीले रोज कोण जाते?”

असे हिशेब पहाडावरची प्रत्येक सून करत असणार. सासूनं कोणत्या सरकारची व्हायचं आणि आपण कोणत्या, हे घरातल्या घरात वाटून घ्यायचं. मोठमोठ्या आयोगांना जे जमलं नाही ते या बायका चुलीपुढे बसून रोज करतात.

आमच्या बोलण्याचा आवाज वाढला असावा, कारण समोरचे तलाठीमामा रस्ता ओलांडून आले. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जमिनीचं नाव निघालं की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर चढतो. काकू त्यांना भाऊजी म्हणतात आणि पाठीमागे ‘मोजणीवाले’ म्हणतात.

“सुरुवात कोठून करून राहिले तुम्ही?” मामांनी दरडावलं. “राशन कार्डापासून? राजुऱ्यापासून करा. राजुरा कोठं होता?”

“वर्धा नदीच्या पल्याड,” मी म्हणाले.

“मोगलाईत होता. निजामाच्या राज्यात. आसिफाबादच्या बाजूचा मुलूख तो, आदिलाबाद जिल्ह्याचा. नदीच्या अल्याड बल्लारपूर इंग्रजाचं, पल्याड राजुरा निजामाचा. नाणंसुद्धा वेगळं, हाली शिक्का. तिकडचा रुपया इकडं बट्ट्यानं चालायचा. १९४८ ले हैदराबाद भारतात आलं. १९५६ ले राज्यं भाषेवर पाडली, तेव्हा राजुरा तालुका मराठी म्हणून इकडं आला. पण चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले, नाही आला, पहिले नांदेडले जोडला! १९५९ ले चांद्याले आला.”

“नांदेडले?” काकू चकित. “राजुऱ्याहून नांदेड किती दूर!”

“कागदावर रेघ ओढणारा माणूस गाडीनं थोडाच जातो? तशीच एक रेघ पहाडावरून गेली. खाली सपाटीले राजुरा आपला झाला हे पक्कं. वरती डोंगरात कोणता पाडा कोणाचा, ते राहिलं. आंध्रानं मंग हक्क सांगितला. १९९७ पर्यंत प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, महाराष्ट्राच्या बाजूनं झालं असं जिवतीकडं कोणालेही विचारा, सांगते. पण आंध्राचा मास्तर काही उठला नाही तिथून. २०१४ ले तेलंगणा झालं, मास्तर तोच, पाटी बदलली.”

मामा अशा वेळी थांबत नाहीत. त्यांनी आम्हाला आमच्याच नदीवर आणलं. वणी आणि वरोरा, मधे फक्त वर्धा नदी. पण वणी वऱ्हाडात आणि वरोरा मध्यप्रांतात. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, चालवायला इंग्रजांकडे, १८५३ पासून. १९०२ मध्ये इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं, तरी मालकी नावाला निजामाचीच, इतकी की १९३६ पासून हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचे. वणीच्या शेतकऱ्याचं खातं थेट सरकारशी, रयतवारी. आणि नदीच्या अल्याड, वरोऱ्याच्या बाजूला, मालगुजारी. गाव मालगुजाराचं, शेतकऱ्यानं त्याच्या वाड्यावर सारा भरायचा, दसऱ्याला बकरं न्यायचं, बोलावलं की गाडी-बैल घेऊन जायचं. ती मालगुजारी उठली १९५१ मध्ये.

“माहा बाप सांगायचा,” मामा म्हणाले, “वणीकडची सोयरीक आली की वरोऱ्याकडचे लोक आनंदानं पोरगी द्यायचे. तिकडं शेत स्वतःच्या नावावर राहायचं म्हणून. इकडं कितीही कसा, मालगुजाराचं तोंड पाहा.”

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या आजेसासूला वणीहून आणलं होतं, आणि ती आयुष्यभर ‘आमच्या वऱ्हाडात असं नव्हतं’ म्हणत राहिली. आम्ही समजायचो म्हातारी माहेरचा तोरा मिरवते. तो तोरा जमीन महसुलाचा होता हे तिलाही ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

“आन दारू?” यांनी मधेच घातलं. “नदीनं तेव्हा मालगुजारी अडवली, आता दारू अडवली नाही.”

सगळे हसले. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. वर्धा जिल्हा आधीच बंद, गडचिरोली १९९३ पासून बंद. मग उरलं काय? वणी! संध्याकाळी वरोऱ्याहून वणीकडे जाणाऱ्या दुचाक्यांची रांग लागायची, आणि एरवी वणीला कधी काम न निघणारी माणसं एकाएकी वणीच्या बाजारहाटाचं कौतुक करू लागली होती. २०२१ मध्ये इकडची बंदी उठली. आता वर्ध्याकडून लोक इकडे येतात.

“म्हणून म्हणतो,” मामा म्हणाले, “रेघ कोठं आहे त्याच्यावर माणसाची किंमत ठरते. त्याच पहाडावर बंजारा घ्या. एकच तांडा. महाराष्ट्रात तो विमुक्त जातीत. तेलंगणात तो अनुसूचित जमातीत, १९७६ च्या कायद्यानंतर. म्हणजे एकाच माणसाच्या दोन जाती! पोरगा तेलुगू शाळेत गेला तं आदिवासी, मराठी शाळेत गेला तं नाही.”

“आन गोंड?” काकूंनी विचारलं.

“गोंड दोन्हीकडं आदिवासीच. पण तिकडचे गोंड बंजाऱ्यावर चिडून आहेत. आमच्या वाट्याच्या जागा, नोकऱ्या यांनी नेल्या म्हणते. २०१७ ले उटनूरकडं दंगा झाला त्याच्यावरून. आन इकडचे बंजारे आता हैदराबाद गॅझेट काढून म्हणते, आमालेही तिकडच्यासारखं आदिवासी करा. जो तो रेघेच्या पल्याडचं पाहून राहिला.”

काकूंनी मेंदीचं एक पान तोडलं आणि पुन्हा आपल्या मुद्द्यावर आल्या. “काही म्हणा भाऊजी, ते लोक सरकारचे जावई आहेत. आन एका नाही, दोन सरकारांचे.”

“जावईच आहेत ते,” मामा लगेच म्हणाले. “तुमचा जावई दिवाळीले आला, त्याले तुम्ही आंघोळ घातली, अनारसे खाऊ घातले, कपडे केले. सातबाऱ्यावर नाव चढवलं का?”

काकू गप्प. मग म्हणाल्या, “त्याचा काय संबंध?”

संबंध मामांनी नीट उलगडून सांगितला, आणि त्या सकाळच्या गप्पांतलं मला खरं कळलेलं ते इतकंच. पहाडावरच्या या गावांतल्या बऱ्याच लोकांकडे दोन कार्डं आहेत, पण कसतात त्या जमिनीचा मालकीचा कागद नाही. पन्नास-पन्नास वर्षं कसलेली जमीन नोंदीत वन म्हणून आहे. सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून कापसाचं बियाणं सावकाराकडून उधारीवर. विहिरीचं अनुदान नाही, पीकविमा धड नाही. वनहक्काचा कायदा २००६ चा आहे, पण त्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरतं. बाकीच्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवाव्या लागतात. मराठवाड्यातून बहात्तरच्या दुष्काळात आलेला माणूस ७५ वर्षं कुठून आणणार?

“आन तेलंगणा?” मी विचारलं. “तिकडं तं शेतकऱ्याले एकरी पैसे देते ना?”

“रयतू बंधू. २०१८ पासून. पहिले एका हंगामाले एकरी चार हजार, मंग पाच हजार. आताचं सरकार रयतू भरोसा म्हणते, वर्षाले एकरी बारा हजार. पण कोणाले? ज्याच्याजवळ पट्टा पासबुक आहे त्याले. ३० जून २०२३ ले तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर स्वतः आसिफाबादले येऊन पोडू, म्हणजे जंगल तोडून केलेल्या, जमिनीचे पट्टे वाटून गेले. निवडणूक पाच महिन्यावर होती. ते पट्टे आदिवासीले. म्हणजे ह्याच पहाडावर गोंडाले भेटू शकते, बंजाऱ्याले भेटू शकते, कारण तिकडं तो आदिवासी. आन बाजूच्या बौद्ध घराले नाही, इकडूनही नाही आन तिकडूनही नाही.”

“म्हणजे तेलंगणा चांगलं की आपलं?” काकूंना निकाल पाहिजे होता.

“राशन-पेन्शनले तेलंगणा वरचढ. वीज तिकडं २०१८ पासून शेतीले चोवीस तास, फुकट. आपल्याकडं मोटरचं बिल माफ झालं ते आता आता. पण जमिनीचं दोघंही सारखेच. कारण जमीन द्यायची म्हणजे रेघ मान्य करावी लागते. तांदूळ द्यायले रेघ लागत नाही.”

मामांशी माझं पुष्कळ बाबतीत पटत नाही, शेजाऱ्यांच्या झाडाच्या फांद्यांवरून तर अजिबात नाही. पण हे त्यांचं बोलणं मी मान्य करते. माणसांना दोन-दोनदा मोजता येतं, दोन-दोनदा जेवू घालता येतं. जमीन मात्र एकदाच नोंदवता येते, आणि ती एका दप्तरात नोंदवली की दुसऱ्या दप्तरातून हद्दपार होते. म्हणून ती दोन्ही दप्तरांबाहेरच राहिली आहे.

महाराजगुड्यातल्या एका घराची गोष्ट मग निघालीच. ते २०२२ मध्ये टीव्हीवर दाखवलं होतं, बेळगावचा वाद पेटला होता तेव्हा. हद्दीची रेघ घरातून जाते. स्वयंपाकघर तेलंगणात, झोपायच्या खोल्या महाराष्ट्रात. घरपट्टी दोन्हीकडे.

“भांडी कोठं घासत असन ती बाई?” काकूंचा प्रश्न.

“काकू, तुम्हाले तेच सुचते!”

“मंग काय सुचावं? नवरा-बायकोचं भांडण झालं तं बाई स्वयंपाकघरात जाऊन बसली की झालं. दुसऱ्या राज्यात गेली. पोलीससुद्धा येऊ शकत नाही.”

हसून झाल्यावर मी माझा मुद्दा काढला. माझी नणंद सिरोंच्याला दिली आहे. तिथे वाद नाही, चौदा गावं नाहीत, कोणाकडे दोन कार्डं नाहीत. गोदावरी आणि प्राणहिता मधे, पल्याड तेलंगणा, अल्याड आपला गडचिरोली जिल्हा, अगदी स्वच्छ. आणि तरीही दुखणं निघालं की तिच्या घरचे गडचिरोलीला येत नाहीत, पूल ओलांडून मंचेरियाल नाही तर वारंगलला जातात. २३ ऑगस्ट २०१६ ला दोन्ही राज्यांचा करार झाला आणि तिच्या गावाजवळ मेडीगड्डा धरण उभं राहिलं. २१ जून २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं, दोन्हीकडचे मुख्यमंत्री होते. पाणी तिकडे उपसून न्यायचं, आणि फुगवटा इकडे. पुराच्या वर्षी सिरोंच्याच्या नदीकाठची शेतं पाण्याखाली. मग २१ ऑक्टोबर २०२३ ला त्या धरणाचे खांबच खचले.

“म्हणजे रेघ पक्की असून काय भेटलं त्याइले?” मी म्हणाले. “मामा, तुम्ही म्हणता रेघ पक्की झाली की सगळं होते. सिरोंच्याची रेघ नदीनं ओढली आहे, त्याच्याहून पक्की कोणती पाहिजे?”

मामांनी चष्मा काढून पुसला. उत्तर सुचलं नाही की ते असं करतात. “सिरोंच्याले सातबारा तं आहे ना,” ते म्हणाले. “शेत बुडालं तं नुकसानभरपाई मागायले कागद आहे. पहाडावर शेत बुडालं तं कोणाचं बुडालं तेच ठरत नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मी ते कबूल केलं नाही.

यांनी आता नवी बातमी आणली. २०२५ च्या जुलैत मुंबईत बैठक झाली आणि चौदाही गावं पूर्णपणे चंद्रपूर जिल्ह्यात घेण्याचं महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं. त्या गावांतून लोकही आले होते म्हणे, आम्हाला महाराष्ट्रातच राहायचं आहे असं सांगायला.

“काऊन?” काकूंना धक्काच बसला. “तेलंगणाचे एवढे पैसे सोडून? नांदेडकडचे, ते धर्माबादचे सरपंच २०१८ ले म्हणत होते ना, आमाले तेलंगणात टाका म्हणून?”

“धर्माबादवाल्याइजवळ सातबारा होता,” मामा म्हणाले. “त्याइले पासबुकावर एकरी पैसे पाहिजे होते. पहाडवाल्याले पहिले जमीन पाहिजे.”

“आन भाषा,” मी म्हणाले. “आसिफाबादच्या कचेरीत अर्ज तेलुगूत.”

“पण आसिफाबाद जवळ आहे,” हे म्हणाले. “तेलंगणानं २०१६ ले जिल्हे फोडले, तिथं कलेक्टर आणून बसवला. आपला कलेक्टर चंद्रपुरात. पहाड उतरायचा, गडचांदूर, राजुरा, मंग चंद्रपूर. अख्खा दिवस जाते. आपल्याकडं १९८२ ले चांद्यातून गडचिरोली काढली, त्यानंतर चिमूर जिल्हा की ब्रह्मपुरी जिल्हा, भांडणच सुरू आहे.”

चिमूर निघालं म्हणजे हे अर्धा तास थांबणार नव्हते. काकूंनी त्यांना हातानंच थोपवलं. त्यांच्या डोक्यात केव्हापासून दुसरंच चाललं होतं.

“मले एक सांगा. गावं आपली झाली, समजा. मंग कोणतं कार्ड परत करतीन ते?”

“तेलंगणाचं. ते बादच होईन.”

“आन बारीक तांदूळ?”

“तोही जाईन.”

“आन म्हातारीची दोन हजारांची पेन्शन? तिकडं शाळेत जाणारी लेकरं? तेलुगूत पाचवीपर्यंत शिकलं पोरगं, आता सहावीत मराठीत बसवा म्हणाल?” काकू आता कुंपणावर अर्ध्या वाकल्या होत्या. “तेच म्हणतो मी. सातबारा पहिले हातात द्या, मंग कार्ड मागा. नाहीतर कार्डही गेलं आन सातबाराही नाही.”

मामांनी मान हलवली. तलाठी माणसानं इतक्या सहज मान हलवलेली मी पाहिली नव्हती.

“जावई काय म्हणतात?” मी विचारलं.

“जावयाले तं वेगळीच काळजी आहे,” काकू म्हणाल्या. “जनगणना येऊन राहिली ना, २०२७ ची. गुरुजी लोकाइचीच ड्यूटी लागते. हे दार वाजवतीन, आन घरातली बाई म्हणीन, गुरुजी, तिकडचे मास्तर काल मोजून गेले.”

“मंग?”

“मंग काय? मी म्हटलं, तुम्ही अजून एकदा मोजा. देशाची लोकसंख्या चार माणसानं वाढली तं काय बिघडते? कुकर लावला का नाही अजून? अकरा वाजून राहिले.”